पट्टी कुठली धरू?

आमच्या घरातली पेटी माझ्याहून वयानं मोठी आहे. साडेतीन सप्तकांची, खर्ज-नर सुरांची. भात्याच्या घडीला एका कोपऱ्यात रेक्झिनचं ठिगळ आहे, आणि वरच्या सप्तकातली एक पांढरी पट्टी दाबली की परत वर यायला जरा वेळ घेते. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला कधी हार्मोनियम म्हटलं नाही. ती पेटी. तिच्यावर दाबायच्या त्या पट्ट्या. आणि माणूस ज्या सुरात गातो तीही पट्टीच. ‘त्याची पट्टी काळी दोन’ असं आमच्याकडे म्हणतात, म्हणजे त्याचा सा डावीकडून मोजलेल्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर असतो. गंमत म्हणजे इंग्रजीतही बोटाखाली दाबायची ती ‘की’ आणि गाणं ज्या सुरात बांधलंय तीही ‘की’. दोन्ही भाषांना एकच शब्द दोन कामांना पुरला. मला मात्र त्यातलं एकच काम माहीत होतं, आणि त्यामुळे एका कार्तिकी एकादशीला माझी चांगलीच फजिती झाली.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. काटेवाडीत राहून बारामतीला कॉलेजला जायचो. फोनवर व्हिडिओ बघून सहा महिने कीबोर्ड शिकलो होतो. त्या व्हिडिओंत सगळं सी मेजरपासून सुरू व्हायचं, कारण सी मेजरमध्ये एकही काळी पट्टी लागत नाही. सगळ्या पांढऱ्या. मी तिथंच मुक्काम ठोकला. त्या रात्री भजनी मंडळाचे नेहमीचे पेटीवाले काका परगावी गेले होते, म्हणून आबांनी मला बसवलं. मांडी घालून पेटीसमोर बसलो, भाता उघडला. आबांनी टाळ हातात घेतले आणि विचारलं, “पट्टी कुठली धरतूस?”

मी म्हणालो, “सी मेजर.”

पखवाजवाले मामा मोठ्यानं हसले. आबा हसले नाहीत. त्यांना वाटलं, पोराला काहीतरी जास्तीचं येतंय. मी पांढरी एक दाबली, आबांनी त्या सुराला धरून अभंग उचलला, आणि दुसऱ्याच ओळीला सगळं विस्कटलं. मृदंग मिळवलेला होता काळी दोनला. आबांचा गळाही तिथलाच. मी त्यांना तीन स्वर खाली ओढलं होतं. खालच्या ओळींत त्यांचा आवाज टाळांखाली बुडाला, आणि वर जायची वेळ आली तेव्हा त्यांना जिथं जोर लावायची सवय, तिथं सूरच नव्हता. त्यांनी हातानं मला थांबायची खूण केली, पेटीशिवाय काळी दोनला पुन्हा सुरुवात केली, आणि तो अभंग तसाच पुरा केला. मी रात्रभर भाता मिटून बसलो.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, “पेटी गाणाऱ्याच्या मागं जाती. गाणारा पेटीच्या मागं जात न्हाई.”

हा लेख त्या वाक्यापासून सुरू झालाय असं म्हटलं तरी चालेल. मेजर की म्हणजे काय, हे मला खरं तर त्या रात्रीनंतर समजलं, आणि ते समजून घेताना मी पार तंजावर, बडोदा, मिरज करत फिरलो. म्हणजे पुस्तकांतून. भाडं लागलं नाही.

आधी बोटांपुरतं बोलू. पेटीवर सलग बारा स्वर असतात, सात पांढरे, पाच काळे, आणि तेराव्याला पुन्हा पहिलाच, दुप्पट उंचीचा. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे अर्धा स्वर, एक सोडून पुढच्या पट्टीचं अंतर म्हणजे पूर्ण स्वर. पांढरी एकपासून फक्त पांढऱ्या वाजवत गेलात तर अंतरं अशी पडतात: पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धा. ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, नी आणि वरचा सा यांच्यामध्येही नाही. मेजर म्हणजे ही अंतरांची साखळी. तिचं पांढऱ्या रंगाशी काही नातं नाही. साखळीचं पहिलं टोक काळी एकवर ठेवलंत तर बोटं पडतात काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि वरची पांढरी एक. पाच काळ्या, दोन पांढऱ्या. ऐकायला गाणं तेच. पांढरी चारवर ठेवलंत तर एकच काळी लागते, पाचवी. व्हिडिओत याला बारा वेगळे मेजर स्केल म्हणतात आणि बारा आठवड्यांचा कोर्स विकतात. आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, सा हलला की सगळं गाव हलतं, त्यात बारा काय शिकायचं.

दोघंही बरोबर होते. बोटांना बारा गोष्टी शिकाव्या लागतात, कानाला एकच.

ही साखळी तुम्ही रोज ऐकता. वाढदिवसाला केकभोवती जे गाणं होतं ते याच साखळीतलं. शाळेत रोज सकाळी म्हटलेलं राष्ट्रगीतही बहुतांशी याच स्वरांवर उभं आहे. आपल्या पद्धतीत या सात स्वरांना बिलावल थाट म्हणतात आणि सातही स्वरांना ‘शुद्ध’ ही पदवी आहे. संगीताच्या पहिल्या परीक्षेला बसलेली पोरं घोकतात: शुद्ध स्वर सात, कोमल चार, तीव्र एक. म्हणजे सरळ स्वर बिलावलचे, बाकीचे पाच त्यातून वाकवलेले. मीही हे घोकलं. घोकताना वाटलं, हे भरतमुनींपासून असंच चालत आलं असेल.

तसं ते नाही, आणि इथून गोष्ट मजेची होते.

जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत आणि त्यांची वाटणीही सांगितली आहे: सा चार, रे तीन, ग दोन, म चार, प चार, ध तीन, नी दोन. बेरीज बावीस. आता प्रश्न असा, की सा ‘चार श्रुतींचा’ म्हणजे त्या चार श्रुती साच्या अलीकडे की पलीकडे? आमच्या भागात जमिनीचे निम्मे खटले याच प्रश्नावर चालतात. बांध कुणाच्या वाट्यात धरायचा, अलीकडच्या की पलीकडच्या? जुने ग्रंथकार स्वराला त्याच्या वाट्याच्या शेवटच्या श्रुतीवर बसवतात. म्हणजे साच्या चार श्रुती साच्या खाली संपतात, आणि सा ते रे हे अंतर उरतं तीन श्रुतींचं, रे ते ग दोन, ग ते म चार. ग लगेच खाली येतो, कोमल होतो. नीचंही तेच. पेटीवर वाजवून पाहा, काफी थाटाच्या जवळचं काहीतरी ऐकू येईल. पण त्याच आकड्यांत स्वराला वाट्याच्या पहिल्या श्रुतीवर बसवलं तर सा ते रे चार, रे ते ग तीन, ग ते म दोन, म ते प चार, प ते ध चार, ध ते नी तीन, नी ते सा दोन. बिलावल. आकडे तेच, बेरीज तीच, फक्त बांध सरकला.

गाणारे लोक बांध सरकल्याचा ठराव करत नाहीत. गळे हळूहळू सरकतात आणि ग्रंथ मागून येतात. उत्तरेत बिलावलला शुद्ध ठरवणाऱ्या ग्रंथांत पाटण्याच्या महंमद रझांचा ‘नगमात-ए-आसफी’ नेहमी सांगितला जातो, साल १८१३. पण पोराटोरांच्या परीक्षेपर्यंत, माझ्या वहीपर्यंत हे पोचवलं ते विष्णु नारायण भातखंड्यांनी.

भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरचे, जन्म १८६०. धंद्यानं वकील. पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत ते गाणं शिकले, आणि पुढे त्यांनी देशभर फिरून उस्तादांकडून चिजा गोळा केल्या, जुने ग्रंथ तपासले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले आणि तिथं त्यांना व्यंकटमखीची बहात्तर मेळांची मांडणी सविस्तर पाहायला मिळाली. स्वरांच्या शक्य तेवढ्या जुळण्या गणितानं मांडायच्या आणि राग त्यात बसवायचे. वकिलाला हे आवडलं नसतं तरच नवल. उत्तरेच्या रागांसाठी त्यांनी दहा थाट पक्के केले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. पहिल्या जागी बिलावल. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत आहे, चार भागांत, आणि गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांत. मी पहिला भाग वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं, झोप येईल. तो शिष्य इतके अडचणीचे प्रश्न विचारतो की झोप येत नाही. एखादा ग्रंथ आजच्या गाण्याशी जुळत नसेल तर भातखंडे तसं स्पष्ट म्हणतात. आज गातात ते प्रमाण. परंपरेचं नाव घेऊन काहीही खपवण्याच्या काळात ही सवय मला मोठी वाटते. दहा थाटांत काही राग कोंबून बसवल्यासारखे वाटतात ही तक्रारही खरी आहे, आणि गवय्यांकडे ते कधीकधी वकिलाच्या नजरेनं, उलटतपासणीच्या सुरात पाहायचे हेही खरं.

आता कुणी म्हणेल, बिलावलच का? इंग्रजी राज्य, बँड, पियानो, मेजर स्केल यांच्या दबावाखाली तर नाही? शंका रास्त आहे, पण सालं जुळत नाहीत. १८१३ मध्ये पेटीचा जन्मही झाला नव्हता. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबाँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं १८४२ साली. ती पायानं भाता मारायची, टेबलाएवढी. जमिनीवर ठेवून हातानं भाता मारायची पेटी कोलकात्यात तयार झाली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. म्हणजे बिलावल आधी पुढे आला, आणि पांढऱ्या पट्ट्या आल्यावर त्याला आयतं घर मिळालं. हा योगायोग फार सोयीचा ठरला हे मात्र कबूल. सगळ्या पांढऱ्या म्हणजे सगळे शुद्ध, हे मुलांना शिकवायला किती सोपं! माझ्यासारखे तिथंच अडकून बसतात ही त्याची किंमत.

आणि युरोपात तरी मेजर पहिल्यापासून गादीवर होता का? नाही. चर्चच्या गाण्याच्या जुन्या आठ ‘मोड’मध्ये त्याला नावानिशी जागाच नव्हती. लोक ते गात असत, पण शास्त्रात तो आला स्वित्झर्लंडच्या ग्लारेआनच्या ग्रंथात, १५४७ साली, ‘आयोनियन’ या नावानं. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १७२२ मध्ये, एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या. फ्रान्समध्ये रामो यांनी स्वरसंघाचं शास्त्र मांडलं, आणि जर्मनीत बाखनी बाराही स्वरांपासून मेजर आणि मायनर अशा चोवीस पट्ट्यांत एकेक जोडरचना लिहून वही पुरी केली. तिथंही गाणारे पुढे आणि ग्रंथ मागे.

मराठी माणसाची या साखळीशी गाठ मात्र भातखंड्यांच्या कितीतरी आधी पडली होती, आणि तीही महाराष्ट्राबाहेर. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी मराठी चालायची. तिथले दुसरे सरफोजी राजे, राज्यकाळ १७९८ ते १८३२, यांना पुस्तकांचा नाद होता, वैद्यकाचा नाद होता आणि पाश्चात्त्य संगीताचाही. त्यांच्या पदरी युरोपी वाद्यांचा बँड होता. त्याच प्रदेशात त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितर इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवत होते. ‘नोट्टुस्वर’ म्हणतात त्या रचनांना. ‘नोट’ या इंग्रजी शब्दावरूनच. चाळीसच्या आसपास आहेत, आणि सगळ्या शंकराभरण रागात. शंकराभरण म्हणजे दाक्षिणात्य पद्धतीतला एकोणतिसावा मेळ, म्हणजे आपला बिलावल, म्हणजे मेजर. बँडवाल्यांची धून कानावर पडली आणि दीक्षितरांच्या कानानं ती ओळखीच्या घरात नेऊन बसवली. मला हे फार आवडतं. कुणी कुणाचं उसनं घेतलं, या भांडणापेक्षा.

पण ओळखीचं घर आणि तेच घर यात फरक असतो.

मेजर की म्हणजे नुसते सात स्वर नव्हेत. पाश्चात्त्य संगीतात त्या सात स्वरांवर तीन-तीन स्वरांचे जुडगे उभे राहतात. सा-ग-प हे घर, म-ध-सा शेजार, प-नी-रे हा वेशीपर्यंत गेलेला रस्ता. प-नी-रे वाजलं की कान सा-ग-पची वाट पाहू लागतो. गाणं घरातून निघतं, शेजारी जातं, वेशीवर थांबतं, परत येतं. आणि कधीकधी मध्येच गाव बदलून दुसऱ्याच पट्टीत राहायला जातं. आपल्याकडे गाव बदलत नाही. सा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. तंबोरा तोच तो सूर देत बसतो आणि गाणारा त्या एका खांबाभोवती फिरतो. माझा आतेभाऊ ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. तो भजनाखाली कॉर्ड धरतो तेव्हा ऐकायला छान वाटतं, आणि तरी काहीतरी गर्दी झाल्यासारखंही वाटतं. आबा त्याला ‘भरीत’ म्हणतात.

मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी, हेही व्हिडिओत पहिल्याच दिवशी सांगतात. भजनाला बसणाऱ्या माणसाला हे पटणं अवघड आहे. रात्रीचं भजन संपवताना भैरवी गातात, तिच्यात रे, ग, ध, नी चारही कोमल, आणि ती ऐकून लोक रडत नाहीत, समाधानानं घोंगडी झटकून उठतात.

आता तंबोऱ्याकडे येऊ, कारण खरं भांडण तिथं आहे. तंबोरे मिरजेचे, आणि त्यांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूला पिकतात. चांगला मिळालेला तंबोरा असेल तर खर्जाची तार छेडल्यावर थोड्या वेळानं तिच्यातून एक गंधार ऐकू येतो. कुणी वाजवलेला नसतो. तारेच्या कंपनाचा पाचवा भाग असतो तो, आपोआप निघालेला. म्हणजे बिलावलचा, मेजरचा तो मोठा गंधार एका तारेच्या पोटातच आहे. सा २४० कंपनांचा धरला तर हा गंधार बरोबर ३०० चा येतो, पाचास चार या प्रमाणात.

पेटीवर तोच गंधार दाबा. तो येतो ३०२.४ च्या आसपास. कारण पेटी बारा समान तुकड्यांत कापलेली आहे. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे १.०५९५ पट. असं कापलं म्हणून तर कुठल्याही पट्टीवर सा ठेवला तरी साखळी तशीच राहते. एक पेटी बारा गळ्यांना चालते. त्या सोयीपायी प्रत्येक पट्टीत गंधार थोडा चढा राहतो. तुम्ही घरी करून पाहू शकता: एका फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप, दुसऱ्यावर पियानोचं. दोन्हींचा सा एक करा आणि पियानोवरचा ग दाबून धरा. सेकंदाला दोनेक वेळा आवाज हेलकावल्यासारखा होतो. तो हेलकावा म्हणजे ही २.४ ची तफावत. एकदा ऐकलात की मग लग्नाच्या मांडवातही ऐकू येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

या तफावतीनं शंभर वर्षांपूर्वी काही मराठी माणसांची झोप उडवली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, श्रुती मोजायच्या मागं लागले. नुसते ग्रंथ वाचून नव्हे; त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवय्याचा गळा आणि मोजमापाची साधनं एकत्र आणली. १९१० साली त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक आलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज जिल्हा न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिळून बावीस श्रुती वाजवू शकेल अशी पेटी बनवून घेतली. कलेक्टर कचेरीतला माणूस, न्यायाधीश आणि किराणा घराण्याचा गवई एका पेटीभोवती बसलेत, हे दृश्य मला सिनेमात बघायला आवडेल.

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिच्या मागं होते. श्रुतींची पेटी तिथं मांडली गेली, तिच्यावर वाद झाला, आणि जमलेल्यांनी ती स्वीकारली नाही. मुद्दा रास्त होता: गळ्यातली श्रुती ही खुंटीला टांगलेली वस्तू नाही, ती रागाप्रमाणे सरकते. भातखंड्यांची बारा स्वरांची पद्धत टिकली, शाळाकॉलेजांत गेली. देवलांचं नाव आज आमच्या पिढीतल्या कुणाला विचारून पाहा. मला त्या माणसाबद्दल माया वाटते. उत्तर चुकलं असेल, पण कानाला बोचलेली गोष्ट मोजून पाहण्याचा त्यांचा हट्ट खरा होता. आणि प्रश्न काही मिटलेला नाही: ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी आपल्या काळात पुन्हा बावीस श्रुतींची पेटी बनवली, आणि महाराष्ट्रातले पेटी जुळवणारे कारागीर एकेका गवय्याच्या साला धरून ‘गंधार ट्यूनिंग’ करून देतात. तशी पेटी त्या एका पट्टीत गोड लागते आणि इतर पट्ट्यांत वाजवू नये अशी होते.

देवलांनी पेटी सुधारायला घेतली, तर दुसऱ्या बाजूला तिला घराबाहेरच काढण्यात आलं. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. ती मींड काढू शकत नाही, तिचे स्वर आपले नाहीत, असं कारण. बंदी १९७१ पर्यंत चालली. एकतीस वर्षं! या काळात नाट्यसंगीत ऑर्गन आणि पेटीवर उभं होतं, गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसानं पेटीला स्वतःची मैफल दिली होती, आणि आमच्यासारख्या गावांतून एकादशीला पेटी वाजतच होती. रेडिओला वर्ज्य असलेलं वाद्य देवळात चाललं. यावर कुणी प्रबंध लिहिला तर मी वाचेन.

वारीत मात्र पेटी नसते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते आणि सणसरच्या मुक्कामाला जाताना काटेवाडीत थांबते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मग मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढ्या रथाभोवती धावतात, धूळ उडते, लोक फोन वर धरून उभे असतात. त्या गर्दीत दिंड्या एकामागून एक जातात, प्रत्येकीचा वीणेकरी वेगळा, प्रत्येकीची पट्टी वेगळी. मी रस्त्याकडेला उभं राहून कानानं पट्ट्या ओळखायचा खेळ करतो. ही पांढरी चार. ही काळी तीन. ही जी आली ती दोन्हींच्या मधली. वीणेची तार खुंटीनं हवी तिथं थांबते, तिला बाराच जागा आहेत असं कुणी सांगितलेलं नाही.

आबांची एक वही आहे. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्यानं शिवलेली. एकेका पानावर अभंगाची सुरुवात, शेजारी चाल कुणाची ते, आणि कोपऱ्यात पट्टी: ‘का. ३’. कार्तिकीनंतर त्यांनी ती मला दिली. सगळ्या पट्ट्यांत साखळी बसवायला मला दीड वर्ष लागलं. त्या काळात मी ती वही नीट पाहिली आणि लक्षात आलं, की कोपऱ्यातले आकडे खोडलेले आहेत. ‘का. ३’ खोडून ‘का. २’. काही ठिकाणी तेही खोडून ‘पां. २’. तारखा नाहीत, पण शाई वेगवेगळी आहे. माणूस म्हातारा होतो तसा सा खाली येतो. माझ्या फजितीच्या रात्री ते काळी दोनला होते, म्हणजे तेव्हाच अर्धं अंतर उतरून आलेले.

गेल्या वर्षी आबांच्या छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यातून आल्यावर मंडळात जाणं बंद झालं. पालखी गावातून गेली त्या दिवशी त्यांना ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं होतं; टाळांचा आवाज लांब जाईपर्यंत ते ऐकत बसले. संध्याकाळी म्हणाले, पेटी काढ.

मी भाता उघडला. तोवर मला बाराही पट्ट्या येत होत्या. “आबा, कुठली धरू?”

“तूच बघ,” असं म्हणून त्यांनी आ लावला.

मी पांढरी एक दाबली. जास्त झाली. पांढरी सात दाबली. कमी पडली. पुन्हा एक, पुन्हा सात. त्यांचा सा दोन्हींच्या मध्ये होता, आणि त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काळी पट्टी नसते. तिथं नुसती फट असते. आबा थांबले नाहीत, डोळे मिटून सूर धरून होते. त्यांना वाटत होतं मी शोधतोय.

मी भाता मिटला. खिशातून फोन काढला, तानपुऱ्याचं अ‍ॅप उघडलं, सी लावला आणि बारीक जुळणीची पट्टी बोटानं डावीकडे सरकवत गेलो. उणे दहा. उणे वीस. उणे पस्तीसला आबांच्या कपाळावरची आठी गेली. फोन मी त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. त्यांनी अभंग उचलला, सावकाश, एका ओळीत दोनदा श्वास घेत. दारातून आई म्हणाली, पेटी का नाही वाजवत. आबांनी तिला हातानं गप्प बसायची खूण केली आणि दुसरी ओळ घेतली.